भिंतीला जरा दाट लागते

शुक्रवारी रात्री साडेनऊची बस, मिरांदेलाहून.
मारांवच्या बोगद्यात शिरलं की फोन मुका होतो,
पाच-सहा मिनिटं कुणालाच माझा पत्ता नसतो.
तेवढ्यात मी ठरवते
आईला या खेपेस किती सांगायचं.
पुस्तकबांधणीचा वर्ग, हो.
शनिवारी दहा ते चार, रविवारी बारापर्यंत.
प्रमाणपत्र मिळतं, आई.
उरलेले तास बोगद्यातच ठेवून येते.

पोर्टोत मी ओतीलियाकडे उतरते, तिसऱ्या मजल्यावर.
जिन्यात पूर्वी पाच नावांच्या पाट्या होत्या,
आता चार आकड्यांच्या किल्लीपेट्या
आणि एक ओतीलिया.
रात्री दोनला दगडी गल्लीतून बॅगांची चाकं खडखडतात,
ती झोपेतच म्हणते, "आले हो पाहुणे."
नोटीस तिने फ्रिजवर लावलीय,
माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली:
नव्वद दिवस. त्यातले एकतीस गेले.

शनिवारी दोना एर्मीनिया खळ शिजवतात.
एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी,
चमचा एकाच दिशेने, थांबायचं नाही.
"गाठी राहिल्या की पुस्तक जन्मभर कुरकुरतं."
मग कागद हलकेच वाकवायला लावतात.
ज्या बाजूने मुकाट वाकतो, तो त्याचा कल.
कलाविरुद्ध दुमडलात तर दुमडेलही,
पण पाठीत मोडेल.
मी टिपून घेते. घडी तरीही वाकडी.

"उरलेली खळ नेऊ का घरी?"
बरणी आधीच माझ्या पिशवीत.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"पुस्तकाला ठीक आहे ही.
भिंतीला जरा दाट लागते."
एवढंच. आणि भांडं पुन्हा शेगडीवर.

रात्री आम्ही चौघं. गास्पारकडे झाडू,
इरियाकडे पोस्टरांची गुंडाळी,
ब्रीझिदा कोपऱ्यावर, शीळ घालायला.
तिला शीळ येत नाही हे ऐनवेळी कळलं.
पोस्टरवर एकच ओळ: इथे माणसं राहतात.
"राहतात" की "राहत होती",
यावर तीन बैठका भांडण झालं होतं.
माझं पहिलंच पोस्टर फुगलं, तव्यावरल्या फुलक्यासारखं.
गाडी थांबली. पोलिसाने दिवा मारून ओळ वाचली,
वास घेतला, "पाव भाजताय का?"
नावं लिहून घेतली. माझं चुकीचं लिहिलं.
मी दुरुस्त केलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
मिरांदेलात मी शिकते ते पर्यटन व्यवस्थापन.
सोमवारी पेपर आहे,
प्रकरण तिसरं, पाहुण्यांचं आगतस्वागत.
रविवारी मोर्चा उताराला लागला
तेव्हा एक बाई बॅगेसकट आमच्यात अडकली,
घामाघूम, हातात पत्ता.
मी सवयीने हसले. डावीकडे वळा,
दगड गुळगुळीत आहेत, जपून.
घोषणा माझ्यावाचून पुढे गेली,
धावत जाऊन मधल्याच शब्दावर पकडली.

वर्गाच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोस्टर.
तिथे तर आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.
कडा सरळ, कोपरे हाडाच्या पट्टीने दाबलेले,
एकही फुगा नाही.
सकाळी पिशवीत एक कमी भरलं होतं खरं.
पुढे वर्गाचं दार, रविवारचं बंद.
दारावर पेटी नाही अजून,
चौकटीत चार भोकं मात्र पाडलेली,
ताजी, खाली भुसा.

परतीच्या बसमध्ये नखांतली खळ वाळते,
पापुद्र्यासारखी निघते.
प्रकरण तिसरं, दोन ओळी. बोगदा.
बाहेर पडताच आईचा फोन: काय शिकलीस?
खळ करायला, मी म्हणते.
दोन प्रकारची असते, आई. वेळ आहे का तुला?